जाड ऑइल घातलेली जीप

मी जीप घेतली तेव्हा मुलगा रांगत होता. पुढं बावीस वर्षं वडूज-म्हसवड वडाप केलं, म्हणजे माणशी भाडं घेऊन माणसं ने-आण केली. मीटर पाच आकडी. पाच वेळा शून्यावर येऊन परत चालला, मग बंदच पडला. मी चौथी शिकलेला, पण किती पळाली एवढं मला कळतं. तिच्यावरच मुलगा शिकला, फौजेत गेला. आता सुट्टीवर आला की त्याचं एकच, "आबा, मोडीत घाला."

यंदा आरटीओचं पासिंग संपायला आलं तेव्हा त्यानं अट घातली.

"माझ्या पलटणीतल्या दोस्ताच्या भावाचं माधवनगरला गॅरेज हाय. त्यो सांगंल त्यो खर्च. पन्नास हजाराच्या आत आला तर मी भरतो. वर गेला तर तिथनंच भंगारात. मान्य?"

"मान्य," मी म्हणालो. मागं सरणं मला जमत नाही.

आता आमची वडापवाल्यांची एक खोड आहे. गाडी परक्याला दाखवायची झाली की आदल्या दिवशी इंजिन धुवायचं आणि नेहमीचं ऑइल काढून जाड ऑइल घालायचं. धूर दबतो, आवाज दबतो. गाडी विकताना सगळेच करायचे. मला विकायची नव्हती, तरी केलं. पाहुण्यांकडं जाताना माणूस इस्त्रीचा सदरा घालतो, तसं. परक्या गावात कुणी तिला नाव ठेवू नये, एवढंच डोक्यात होतं.

गॅरेजवाला मुलाच्याच वयाचा. त्यानं ऑइलची दांडी ओढली, थेंब दोन बोटांत चोळला आणि माझ्याकडं बघून हसला. मग खाली वाकून सगळं बघितलं आणि कागद केला. एक लाख अडतीस हजार. त्यात इंजिन कामाचे पंच्याऐंशी.

"इंजिनाला काय झालंय रं?"

"आवं आजोबा, जाड ऑइल घालून आणलंय की तुमी. झाकायला. म्हंजे आत काय ऱ्हायलं नसणार."

मुलगा माझ्याकडं वळला. "आबा, खरं हाय?"

"घातलंय. झाकायला न्हाई घातलं."

"मग कशाला?"

मी स्वतःच्या हातानं तिच्यावर पंच्याऐंशी हजार चढवले होते. मुलगा भंगारवाल्याचा नंबर विचारायला लागला, तसा माझा पारा चढला.

"थांब! काढ त्ये ऑइल. साधं घाल. पैसं माझं. मग तासगावपर्यंत पळवून आणू, आणि गरम इंजिनावर टोपण ठीव."

इंजिन चालू ठेवून ऑइलचं टोपण तोंडावर नुसतं उपडं ठेवायचं. आतनं हवा मारत असली तर टोपण उडतं, मग इंजिन खोलावंच लागतं. बसून राहिलं तर अजून दम आहे. गॅरेजवाल्याला हे माहीत होतं.

"आणि उडालं तर?" त्यानं विचारलं.

"तर मीच ढकलत भंगारात न्हेतो. हात लावू नगा कुनी."

ऑइल बदललं. जाऊन-येऊन स्टेअरिंगवर मीच होतो. मुलगा शेजारी, गॅरेजवाला मागं कान देऊन. परत आल्यावर इंजिन चालूच ठेवलं, बॉनेट उघडलं. त्यानं टोपण ठेवलं. ते थरथरलं. जरा सरकलं. मुलगा वाकून बघत होता, मी बघत नव्हतो. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो.

"बसलं की गड्या," गॅरेजवाला म्हणाला आणि त्यानं कागदावरचे पंच्याऐंशी खोडले. "ऱ्हायलं त्रेपन्न."

"पन्नासच्या वर हाय," मुलगा म्हणाला. फौजी आहे, अट म्हणजे अट.

"हुडाचं, वरच्या ताडपत्रीचं, किती लावलंय?" मी विचारलं.

"धा हजार."

"खोड. हूड मी शिवतो घरी. दाभण हाय, हात हायत."

त्रेचाळीस झाले. मुलानं कागद दोनदा वाचला, आणि पाकीट काढलं. "लय हट्टी हाय तुमी, आबा."

"चार दिवस गाडी ठेवावी लागंल," गॅरेजवाला म्हणाला.

"ठीव. मी बी हितंच हाय."

"आवं, झोपणार कुठं?"

"मागच्या शिटवर. बावीस वर्षं लोक बसल्यात तिथं, मला का न्हाई पुरायची?"

मुलगा लय वेळ समजावत होता. शेवटी एकटाच यष्टीनं वडूजला गेला.