ग्राइंडरमधला जायफळाचा वास

कॉफीच्या बिया दळायचा ग्राइंडर मी दर रविवारी खोलते आणि ब्रशनं झाडते. या रविवारी आतून जायफळाचा वास आला. पुन्हा हुंगलं. जायफळच!

संशय बरेच दिवस होता. दळण जाड-बारीक करायची चकती मी माझ्या मापावर लावून ठेवते, तिथे नेलपॉलिशचा ठिपकाही दिलाय. तरी सकाळी फिरून आले, की चकती सरकलेली असायची. मला वाटायचं, यंत्रच सैल झालंय. यंत्रावर आळ घेणं सोपं असतं, ते उलटून बोलत नाही.

घरात आम्ही दोघंच. "यात जायफळ कुणी दळलं?" मी विचारलं.

नवऱ्यानं पेपर जरा वर धरला. "जायफळाच्या डबीशेजारी ठेवतेस ना, वास लागला असेल."

"आणि चकती?"

"तुझी कॉफी मस्त होते गं," तो म्हणाला. मी चकतीचं विचारलं होतं.

ग्राइंडर आल्यापासून माझी बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी पिऊन तो रोज 'वा!' म्हणतो. आणि माझी पाठ वळली, की त्याच्या आईसारखी दूध-साखर-जायफळाची करून पितो? पिऊ दे. जायफळाचं मला काही नाही. पण त्या 'वा!'चं काय करू?

दुपारी आमटीचा भुरका मारून तो म्हणाला, "वा!"

लग्न झाल्यापासून माझ्या आमटीला तो अगदी याच सुरात 'वा!' म्हणत आलाय.