महालक्ष्म्यांच्या खोलीतला लॅपटॉप

आधीच सांगून ठेवते, भूतखेत, बाहेरचं, असलं काही मी मानत नाही. शाळेत कॉम्प्युटर शिकवते मी... मशीन बिघडलं की त्याला कारण असतंच, हे पोरांना रोज ओरडून सांगते. म्हणून तर हे लिहायला इतके महिने लागले.

माहेर चांदूर बाजार, सासर अकोला. घरात चारच माणसं – मी, हे, सासूबाई आणि धाकटे दीर नितीन. भाऊजी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करतात, मधल्या खोलीत बसून. लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स. पावसाळ्यात त्या लॅपटॉपचं नाटक सुरू झालं. भाऊजी स्क्रीन लॉक करून दुपारी जेवायला उठायचे, आणि परत येऊन बघतात तर उघडलेलं सगळं गायब, समोर लॉगिनची स्क्रीन! सेव्ह न केलेलं काम गेलंच. त्यांना वाटलं डेस्कटॉप क्रॅश होतोय. ड्रायव्हर बदलले, डेस्कटॉपचं दुसरं सॉफ्टवेअर टाकून पाहिलं, शेवटी सगळं पुसून नव्याने लिनक्स भरलं. दुपार झाली की पुन्हा तेच.

आणि माझी शाळा नेमकी तेव्हाच सुटते. घरात शिरलं की मधल्या खोलीतूनच स्वयंपाकघरात जावं लागतं.

"वहिनी, तुमी माह्या लॅपटॉपले हात काहून लावता?"

"मले दुसरे धंदे नाहीत का?" माझंही डोकं फिरलं. "तुमच्यानं काम होत नाही, तं माह्या नावानं बिल फाडून राहिले!"

खरं सांगते, मला त्यांचाच संशय होता, स्वतःच काम बुडवून माझ्यावर ढकलत असतील. कंपनीने तंबी दिली होती, पुन्हा काम बुडालं तर नोकरी गेली. मग कोणीतरी गुन्हेगार पाहिजेच ना!

तेवढ्यात महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, आल्या. आमच्याकडे नैवेद्याची आंबील सुनेने करायची असते. लग्न झाल्यापासून मीच करते. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "यंदा आंबील मी करतो. मन साफ नसन तं देवीले चालत नाही."

रडूच आलं मला. चार भिंतींत मी चोर ठरले होते, आणि हे तिथेच मखराच्या माळा सोडवत बसले होते.

मखर मधल्या खोलीतच होतं. भाऊजींचं टेबल कोपऱ्यात सरकवलेलं, लॅपटॉप त्यावर लॉक करून सुरूच – ऑफिसची कसलीशी मोठी फाइल उतरत होती. संध्याकाळी नैवेद्य दाखवला, पडदा ओढला. देवी जेवतात तेव्हा आत कोणी थांबायचं नाही, ही रीत. मागच्या दाराला आतून कडी, आणि आम्ही चौघं बाहेर, पुढच्या दारासमोरच्या ओट्यावर. मी मुद्दाम भाऊजींच्या शेजारी बसले. म्हटलं, आता तरी माझे हात कुठे आहेत ते दिसू दे सगळ्यांना.

थोड्या वेळाने सासूबाईंनी टाळी वाजवली, आम्ही आत गेलो. पानं तशीच, समया तशाच. लॅपटॉपवर... लॉगिनची स्क्रीन.

भाऊजी धावतच टेबलापाशी गेले.

"लॉग काढा," मी भाऊजींना म्हटलं. "आत्ताच्या आत्ता."

मशीनवर कधी काय झालं, त्याची सगळी नोंद लॉगमध्ये असते. दोघांनी मिळून वाचला. भाऊजी इतके दिवस क्रॅश शोधत होते, क्रॅश नव्हताच. आम्ही ओट्यावर असताना लॉक उघडलं गेलं होतं, पासवर्ड पहिल्याच फटक्यात बरोबर. मग रीतसर लॉगआउट. नेटवरून कोणी आत आलेलं नव्हतं. मागचे लॉग पाहिले, प्रत्येक दुपारी हेच!

"वहिनी... पासवर्ड तं मी कोणालेच सांगतला नाही," भाऊजी पुटपुटले.

सासूबाईंनी आंबिलीची वाटी भरून माझ्यापुढे धरली. "घे वं माय, पहिली तू." माफी मागणं त्यांना जमत नाही, तेवढंच जमलं. मी घेतली.

भाऊजींनी पासवर्ड बदलला, तरी तेच. मग दुसरा लॅपटॉप घेतला. तो जेवतानाही मांडीशी असतो, म्हणून नोकरी टिकली. ओळखीतले जाणकार म्हणतात, कीबोर्ड शॉर्ट झाला असेल. असेल बुवा! पण शॉर्ट झालेल्या कीबोर्डला नवा पासवर्ड कसा कळतो, हे कोणी सांगत नाही.

जुना लॅपटॉप त्याच टेबलावर आहे. उचलायला कोणी तयार नाही. आता घरात माझ्यावर कोणी संशय घेत नाही. पण रविवारी दुपारी आम्ही ओट्यावर बसलो ना, की मी गुपचूप माणसं मोजते. हे, सासूबाई, भाऊजी, मी. चारही जण समोर असतात... आणि आतून बटणं दाबल्याचा आवाज येतो.

कोणीच मान वळवत नाही.