मास्तर, बाई आणि ताई

नृत्यसंस्थेची वाटणी झाली, तेव्हा ताई किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारात उभी होती. संस्था एका नवरा-बायकोची. नवरा नाच बसवायचा, त्याला सगळे मास्तर म्हणत. बायको नाचायची, तिला बाई. ताई दोघांचं ऑफिस सांभाळायची: हॉल ठरवणं, ट्रक सांगणं, दौऱ्यावर कुणाची खोली कुणाशेजारी नको हे ध्यानात ठेवणं. तिच्याहून वयानं मोठे वादकही तिला ताईच म्हणत.

संसार मोडला तसं सामानही वाटलं गेलं. पोशाख वाटले, आरसे वाटले. नाचासाठी जमिनीवर अंथरायचं एक मोठं काळं रबरी जाजम होतं. त्यावरून काही केल्या जमेना, म्हणून वकिलाच्या देखत ते मधोमध कापलं. मग ताईचा विषय निघाला.

"ती माझ्याकडे येईल," मास्तर म्हणाले.

"तिला इथं आणलं मी," बाई म्हणाल्या.

"मी काय जाजम आहे?" ताई म्हणाली. "काम दोघांचंही करीन. नोकरी कुणाचीच नाही."

हे ती तिरीमिरीत बोलून गेली होती. स्वतःचा व्यवसाय काढायचा वगैरे बेत तिच्या डोक्यात नव्हता. पण बोललेला शब्द फिरवायचा तिचा स्वभाव नव्हता, आणि तसाही त्या दोघांचा व्यवसाय तिच्यावाचून अडला होता.

तिचा थोरला भाऊ दातांचा डॉक्टर. त्याच्या दवाखान्यामागे एक खोली होती, कवळ्यांचे साचे ठेवायची. साचे एका बाजूला सारून त्यानं तिला टेबल टाकून दिलं. लवकरच गाल सुजलेल्या पेशंटांच्या रांगेत ढोलकवाले, बाहुल्या नाचवणारे, मुखवटे करणारे येऊन बसायला लागले. एकदा बाहुलीवाल्यानं वेळ जाईना म्हणून पेशंटांपुढे खेळ मांडला. त्याची बाहुली दात दुखतोय म्हणून विव्हळायला लागली, तशी एक पेशंट उठून घरीच गेली.

"अगं, माझे पेशंट आधीच घाबरलेले असतात," भाऊ म्हणाला.

"दादा, सांगते त्याला," ताई म्हणाली. सांगितलंही. पण बाहुलीवाल्याच्या त्या खेळाचा पुढे तिनंच पूर्ण कार्यक्रम करून घेतला.

तिचं काम नेमकं काय, हे नातेवाइकांना कधी उमगलं नाही. नाच ती करत नव्हती, बसवत नव्हती, तिकिटंही विकत नव्हती. कलावंताच्या डोक्यातली गोष्ट एका ठरलेल्या दिवशी, चालू दिव्यांखाली, खुर्च्यांवर माणसं असताना घडवून आणायची, एवढंच तिचं काम होतं. त्यातल्या कुठल्याही बाबतीत कुणी हात वर केले, की ते काम ताईच्या गळ्यात पडायचं.

काही वर्षं मास्तर आणि बाई दोघांचंही काम तिनं केलं. एकाकडचं दुसऱ्याकडे तिच्या तोंडून कधी गेलं नाही. पुढे शहरातल्या मोठ्या नाट्यगृहाच्या व्यवस्थापकानं तिला विचारलं, हंगामाच्या सुरुवातीला एकच तारीख आहे, कुणाला देऊ? तिनं दोघांच्या तालमी पाहिल्या आणि बाईंचं नाव सांगितलं. त्यानंतर ती स्वतःच मास्तरांकडे गेली.

"तुमचं नवं काम अजून उभं राहिलेलं नाही," ती म्हणाली.

"तू हे सगळं माझ्याकडे शिकलीस."

"हो. म्हणून तर कळलं."

मास्तरांनी तिच्याशी बोलणं टाकलं. ती बायकोच्या गोटात गेली, असं ते ज्याला त्याला सांगत सुटले. बाईंनाही तसंच वाटलं असावं. कारण पुढच्या कार्यक्रमाचा शेवट फार लांबतोय, असं ताई म्हणाली, तेव्हा त्या तिच्याकडे बघतच राहिल्या. "मला वाटलं होतं, तू आपली आहेस," असं म्हणून त्यांनी कामासाठी दुसरा माणूस पाहिला. वेगळं झाल्यापासून त्या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं असेल, तर ते हेच.

ताईला लागलं. तिनं ते कुणाजवळ बोलून दाखवलं नाही. बाहुलीवाल्याचे दौरे वाढले होते, त्यात ती गुंतून गेली.

एका दुपारी मास्तर दवाखान्यात दिसले. दाढ काढलेली, तोंडात कापूस. तासभर तोंड उघडायचं नाही, असं भावानं बजावलं होतं. ताईनं शेजारी खुर्ची ओढली.

"मास्तर, आता तुम्हाला बोलता येत नाही, तर मी बोलून घेते. तारीख हुकली त्या नाचात एवढी माणसं कशाला घातलीत? रंगमंच मोकळा ठेवायची भीती वाटली ना? दोघं पुरे होते."

मास्तरांनी मान हलवली आणि एक बोट वर केलं.

"एकच?"

त्यांनी ते बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं. गुडघ्यापायी मास्तर स्वतः नाचायचे थांबले, त्याला कितीतरी काळ लोटला होता.

"आणि गुडघा?"

त्यांनी खांदे उडवले. कापसाआडून काहीतरी बोलू पाहिलं, तसा आतून भाऊ ओरडला.

ताईनं त्यांच्यासाठी बंद पडलेलं मोटारींचं शोरूम मिळवलं. तीन बाजूंना खुर्च्या, मधे ते अर्धं जाजम. मास्तर एकटे नाचले. थोडा वेळच, उड्या न मारता. लोकांना आवडलं, डोक्यावर घेतलं असं नाही. आजूबाजूच्या काही गावांतून बोलावणी आली. हंगाम संपता संपता गुडघ्यानं साथ सोडली आणि प्रयोग थांबले.

शेवटच्या प्रयोगाला बाई आल्या होत्या. कडेच्या खुर्चीवर बसल्या आणि नाच संपून दिवे लागायच्या आत उठल्या. दारात ताई होती.

"उजवा पाय अजून तसाच टाकतात," बाई म्हणाल्या. नंतर गाडी कुठं लावली ते आठवत त्या निघून गेल्या. त्या ताईकडे कामासाठी पुन्हा आल्या नाहीत. कुठं भेटल्या तर तब्येतीची चौकशी करतात.

नाट्यगृहाच्या व्यवस्थापकानं निवृत्त होताना आपली जागा ताईला देववली. तिनं ती घेतली, सहा महिने सांभाळली आणि सोडली. मीटिंगांमधे दिवस जायचा, तालमी बघायला मिळेनात, एवढंच कारण तिनं सांगितलं. सध्या तिच्याकडे दोन बहिणींचं काम आहे. दोघी उंच शिडीवर कसरती करतात, आणि तेवढ्या उंच छताच्या जागेसाठी ताई गावाबाहेरची गोदामं पालथी घालते आहे.