एका बेसवर दोघी

सुरेखाला मी एक विनोद करून परत पाठवलं होतं.

परवा ती गेली. कुर्ल्याला, भाड्याच्या खोलीत, एकटीच.
मला शाळेच्या ग्रुपवर कळलं.

८४ साली भांडुपच्या आमच्या शाळेत पीटीच्या बाईंनी बेसबॉल काढला. कुठल्याशा शिबिरात शिकून आल्या होत्या. बेस म्हणून चार गोणपाटं. ग्लोव्ह एकच, तो बाईंच्याच हातात.

नियम कोणालाच झेपेनात. क्रिकेटमध्ये बॅट घेऊन पळायचं, इथे टाकून पळायचं. मी घेऊनच पळाले.

सुरेखा पहिल्या बेसवर उभी होती. मी बॉल मारला आणि तिच्याच दिशेनं सुटले.

"सुरेखा, पुढे पळ! ती येतेय मागून!" बाई ओरडल्या.

"का म्हणून? मी आधी आलेय!"

मी पोचले. तिनं मला हाताला धरून गोणपाटावर ओढलं आणि स्वतः अंग चोरून उभी राहिली.
तेवढ्यात बॉल दुसऱ्या बेसवर पोचला. सुरेखा आउट.

"एका बेसवर दोघी चालत नाहीत," बाई म्हणाल्या. "मागची आली की पुढचीनं जागा सोडायची."

"बाई, आमच्या खोलीत नऊ जण झोपतात. इथे दोघी मावत नाहीत?"

मग स्वतःच म्हणाली, "हां, कळलं. थोरलीला उजवतात तसं."

सगळ्या हसलो.

थोरली तीच होती. तिला कोणी उजवलं नाही.
वडिलांची मिल बंद, आणि घर तिच्या पॅकिंगच्या पगारावर. असल्या मुलीला घालवायची घाई कोणाला असते?

८९ला तिच्या भावाचं लग्न झालं. खोली तीच, एकच.
ती मुलुंडला माझ्याकडे आली. माझाही संसार नवाच. तिच्या हातात कपड्यांची पिशवी.

"आठ दिवस राहू का गं? त्यांना जरा एकांत नको?"

मी म्हटलं, "अगं, एका बेसवर दोघी चालत नाहीत. विसरलीस?"

ती खदखदून हसली.
विनोद जमला होता, हेच वाईट.

चहा प्यायली. पिशवी उचलली. दारात म्हणाली, "असू दे गं. सहज विचारलं."

नवऱ्याला मी विचारलंसुद्धा नव्हतं.

ते आठ दिवस कुठे काढलेस, हे मी कधी विचारलं नाही. तू कधी सांगितलं नाहीस. पुढे कुठे भेटलो की तूच आधी हसायचीस.

आता माझ्याकडे दोन बेडरूम आहेत. नवरा गेला. लेक बंगळुरूला. एका खोलीत मी, दुसरीत इस्त्रीचे कपडे.

ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडलेत. मला ते चित्र टाकवलं नाही.

सुरेखा, जागा होती गं. स्वयंपाकघरात एक अंथरूण आरामात मावलं असतं.
मी खोटं बोलले.

शेवटचा नमस्कार.