दाजींच्या मते थांबू शकणारी संकटं

जगावर कुठलंही संकट यायचं असेल तर त्याला आधी अंबड तालुक्यात उतरून आमच्या दाजींची गाठ घ्यावी लागत असणार, अशी माझी बरीच वर्षं खात्री होती. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. मोसंबीची बाग, एक बैलजोडी आणि साऱ्या पृथ्वीची काळजी एवढा त्यांचा पसारा, आणि त्यातली पृथ्वी त्यांना सर्वांत जवळची. सकाळी रेडिओवर बातम्या लागल्या की हातातला चहा गार व्हायचा. दुपारच्या एसटीनं पेपर आला की तो काखेत मारून ते चौकातल्या टपरीवर जाऊन बसायचे. काळजी करणारी माणसं तशी गावोगाव असतात. दाजींचं वेगळेपण असं की ते संकटांना रांगेत उभं करायचे, आणि पुढं कुणाला घ्यायचं यापेक्षा मागं कुणाला पाठवायचं यातच त्यांचा जीव जास्त रमायचा. "समद्यालाच भ्यायचं म्हनल्यावर मंग पेरायचं कवा?" असं ते विचारायचे, आणि टपरीवरच्या लोकांना ते बराबर पटायचं.

त्यांच्या कसोट्या दोनच होत्या. एक, त्या संकटावर काही इलाज आहे का. आणि दोन, त्याच्याकडे लक्ष द्यायला दुसरं कुणी बसलंय का. अणुबॉम्ब त्यांनी फार लवकर मागं पाठवला. "त्याच्यावर दोन्हीकडची मोठमोठी मान्सं रात्रंदिन पहारा करून राह्यली. आपुन अजून जाऊन काय करावं?" आकाशातल्या ओझोनच्या भोकाबद्दल त्यांना खरी हळहळ होती, पण तेही मागच्या रांगेत गेलं, कारण शास्त्रज्ञांना ते सापडलेलं होतं आणि दाजींच्या मते सापडलेलं भोक हे निम्मं बुजलेलं असतं. पहिला नंबर मात्र त्यांनी कधी दुसऱ्या कुणाला दिला नाही, तो जमिनीतल्या पाण्याचा. दर उन्हाळ्यात कुणाचं ना कुणाचं बोअर आणखी खाली जायचं, कुणाची तरी मोसंबी वाळायची, आणि त्याची बातमी ना रेडिओवर यायची ना पेपरात. "ह्याच्यावर पहारा कोन्हाचाच न्हाई," असं म्हणताना दाजींचा आवाज एकदम खाली यायचा.

धूमकेतू आला त्या वर्षी गावात अफवा उठली की त्याच्या शेपटीतला विषारी धूर जमिनीवर उतरणार. शेजारच्या घरात मुलीचं लग्न ठरलेलं. मुलीच्या बापानं तारीख अलीकडं ओढायचं ठरवलं आणि दाजींना विचारायला आला. दाजींनी शेपटीची लांबी, तिचं अंतर वगैरे बरंच समजावलं आणि शेवटी म्हणाले, "तारीख बिलकुल बदलू नका. त्या शेपटीपरीस आचारी आयत्या वक्ताला पळून जायचा धोका मोठा हाये. त्याच्याकडं ध्यान द्या." लग्न ठरल्या दिवशीच झालं. दाजी मांडवात पुढं बसले होते, गळ्यात ओला पंचा गुंडाळून. मी कारण विचारलं तर खालच्या आवाजात म्हणाले, "धूर आलाच तर नाकाला लावाया. मेव्हणे, मागं बसवलं म्हंजे घराबाहेर काढलं असं न्हाई."

मी जालन्यात बियाण्यांच्या दुकानात कामाला होतो. दोन हजार साल उजाडायच्या आधी सगळे संगणक बंद पडणार म्हणून आमच्याकडे मोठी घबराट. मी सुट्टीत गेलो तेव्हा तीच कहाणी दाजींना सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे लाइट जाईल म्हनता?"

"जाऊ शकते."

"ती तर आत्ताबी गेलेलीच हाये," ते म्हणाले, आणि एक संकट माझ्या डोळ्यांदेखत निकाली निघालं.

त्याच मुक्कामात माझ्या लक्षात आलं की दाजी पेपर तिरका धरून वाचतात. दाराच्या चौकटीला त्यांचा डावा खांदा घासत होता. आक्का म्हणाली, "वरीस झालं. डावीकडनं ताट सरकवलं तर दिसत न्हाई ह्यांना. डाक्टरचं नाव काढलं की म्हनतात, डोळा थांबू शकतो." मी दाजींना विचारलं तर त्यांनी मलाच दिलासा दिला. दुखत नाही, लाल नाही, आणि दुसरा डोळा आहेच की लक्ष द्यायला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही टपरीवर बसलो होतो. आक्का आली. आमच्या घरातली बाई त्या टपरीवर कधी गेलेली नव्हती. चहावाल्यानं हातातली किटली खाली ठेवली. आक्का डोक्यावरचा पदर सावरून उभी राहिली आणि दाजींकडे न पाहता बोलली, "एक संकट आनलंय. कुठं बसवायचं ते सांगा. एका मान्साची नजर चाललीय."

दाजी सवयीनं म्हणाले, "इलाज हाये का?"

"हाये म्हनतात. जल्दी गेलं तर."

"ध्यान द्यायला कोन हाये?"

"ज्यानं द्यायचं तो जगाची उस्तवार करून राह्यला," आक्का म्हणाली.

टपरीवर कुणी हसलं नाही. दाजींनी पेपराची घडी घातली, ती उलगडली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ."

जालन्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डावा डोळा गेला तो गेलाच. उजव्यातलं जे उरलं होतं ते रोज थेंब घालून टिकवायचं. परतताना गाव जवळ आल्यावर दाजी एवढंच म्हणाले, "ती वर्सभर सांगत व्हती."

त्यानंतर पेपर आक्का वाचायला लागली. चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर लावत लावत वाचायची. मी एकदा तिच्या मागं बसून ऐकत होतो. पहिल्या पानावर कुठल्याशा युद्धाची भली मोठी बातमी होती. आक्का तिच्यावर क्षणभर थांबली, पान उलटलं आणि मोसंबीचा भाव वाचायला लागली. दाजी मान डोलवत ऐकत राहिले.

संध्याकाळी ते मला गाडीपर्यंत सोडायला आले, मला डाव्या बाजूला घेऊन, माझा दंड धरून. वाटेत म्हणाले, "आज कायतरी मोठं झालंय दुनियेत. वाचताना अडखळली ती."

"मग विचारलं नाहीत?"

"तिनं मागं बसवलंय," दाजी म्हणाले, "तर असंल तसंच."

गाडी सुटली तेव्हा ते हात हलवत उभे होते, पण माझ्या मागच्या खिडकीकडे बघून. ती जागा रिकामी होती. मी उठून तिथं जाऊन बसलो आणि दिसेनासे होईपर्यंत त्यांना हात करत राहिलो.