वापरात नसलेली विहीर

सही करायला म्हणून मी हात पुढे केला आणि शिपायाने माझा डावा अंगठा धरला.

ग्रामपंचायतीच्या ऑफिसातली माझी ती पहिली सभा. नऊ सदस्य. आठ जणांनी रजिस्टरात सह्या केल्या. पेन टेबलाच्या एका टोकापासून फिरत आलं, माझ्या शेजारच्याने टोपण लावून ते ग्रामसेवकाला परत दिलं, आणि माझ्यापुढे शाईचा पॅड सरकला. मी तोंड उघडायच्या आत गणू शिपायाने माझा अंगठा दोन बोटांच्या चिमटीत धरून पॅडवर दाबला, मग कागदावर दाबला. नंतर स्वतःची ती दोन बोटं पायजम्याला पुसली. शाई माझ्या अंगठ्याला लागली होती, त्याच्या बोटांना लागलेली नव्हती. तरी पुसली.

ग्रामसेवक तालुक्याला पाठवायचा तक्ता भरत होता. नाव, वय, शिक्षण. प्रत्येकाला विचारून लिहीत होता. माझं नाव आल्यावर त्याने वर बघितलंसुद्धा नाही. लिहिलं: निरक्षर. मी टेबलाच्या पलीकडे होते. ते अक्षर मी उलट्या बाजूने वाचलं.

मी सातवी पास आहे. माझं माहेर खांब गावाकडचं. अक्षर चांगलं म्हणून शाळेत फळ्यावरचा सुविचार रोज मी लिहायची. उमेदवारीचा अर्ज भरतानाही सहीच केली होती, पण ती तालुक्याच्या कचेरीत, आमच्या गावातल्या कुणी ती बघितलेली नव्हती. आणि आदल्या दिवशी दुपारी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे वीस वेळा सही गिरवली होती. सदस्याची सही कशी झोकात हवी म्हणून. हे सगळं सांगायचीही गरज नव्हती. "भाऊसाहेब, मला सही येते." एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

नाही म्हटलं. म्हटलं, पुढच्या सभेला सांगू.

आमचं गाव पेण आणि नागोठण्याच्या मधलं, हायवेच्या एका अंगाला गाव आणि दुसऱ्या अंगाला, खाडीकडे, आमची बौद्धवाडी. गावाचं नाव लिहीत नाही. नव्वदीच्या त्या वर्षांत बायकांच्या राखीव जागा नव्या होत्या. आमच्या वॉर्डातली जागा आमच्यातल्या बाईला सुटली, तेव्हा सरपंच नाना स्वतः वाडीत आले. पडवीत टेकले नाहीत, उभ्यानेच बोलले. माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तुझी बायको गरीब हाय, बोलत नाय. तिचाच फारम भर." माझी निवड झाली ती या गुणावर.

पुढच्या सभेलाही मी सांगितलं नाही. तिसऱ्या सभेला तर सांगायची सोयच उरली नाही. लोक विचारणार, मग इतके दिवस अंगठा का देत होतीस? आणि खरं सांगायचं तर मला ते सोयीचंही वाटायला लागलं. अंगठेबहाद्दर बाईला कुणी काही विचारत नाही. दाराजवळच्या खुर्चीवर बसायचं, चहा आला की आपला वेगळा ठेवलेला काचेचा ग्लास उचलायचा, प्यायला की मोरीत आपणच विसळून पालथा घालायचा, आणि घरी यायचं. घरी आल्यावर वाडीतल्या बायका विचारायच्या, काय ठरलं गो? मी म्हणायची, रस्ते, दिवाबत्ती. बायकांना बरं वाटायचं की आपली बाई तिथे बसते.

पुढे पुढे तर सभाही होईनात. सभा व्हायची ती वहीत. ग्रामसेवक ठराव लिहून ठेवायचा आणि गणू ती प्रोसिडिंगची वही पिशवीत घालून घरोघर, शेतोशेत फिरून सह्या गोळा करायचा. माझ्यासाठी पॅड बरोबर असायचा. इतरांपुढे तो वहीवर हात आडवा धरायचा, फक्त सहीची जागा उघडी ठेवायचा. माझ्यापुढे वही सताड उघडी. मला थोडंच वाचता येत होतं.

त्या आषाढात मी नानांच्या खाचरात लावणीला होते. गणू बांधावर येऊन उभा राहिला. "ये गो बाय, अंगठा दे." मी रोपांची मूठ खाली ठेवली. हात कोपरापर्यंत चिखलात. "पदराला पूस," तो म्हणाला. मी पुसला. त्याने तळहातावर वही धरली, दुसऱ्या हाताने पॅडचं झाकण काढायला लागला. झाकण अडकलं होतं. तेवढ्या वेळात मी पान वाचलं.

विषय क्रमांक चार. बौद्धवाडीलगतची सार्वजनिक विहीर वापरात नसून तिचे पाणी पिण्यास अयोग्य आहे. सबब सदर विहीर बुजवून ती जागा गणेशमूर्ती कारखान्याच्या शेडसाठी देण्यात यावी. कारखाना नानांच्या पुतण्याचा. खाली सूचक म्हणून एक नाव. माझं. माझं, नवऱ्याचं, आडनाव, सगळं नीट लिहिलेलं. ठराव सर्वानुमते मंजूर.

खाडीकडच्या आमच्या पट्ट्यात जिथे खणाल तिथे पाणी मचूळ. गोड्या पाण्याची ती एकच विहीर. आमच्या आज्या-पणज्यांना गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते म्हणून वाडीतल्या माणसांनी आपल्या हातांनी ती खणलेली. त्या दिवशी सकाळीच तिच्यावरून मी दोन हंडे आणले होते. आणि वहीत मीच सुचवलं होतं की ती वापरात नाही.

मी ते दोनदा वाचलं. मग अंगठा दिला.

का दिला, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. मी नानांच्या शेतात उभी होते आणि नाना पलीकडच्या बांधावर छत्री घेऊन उभे होते. माझा नवरा रोह्याला कंपनीत कंत्राटावर होता, ते कंत्राट नानांच्या शब्दावर. ही दोन कारणं मी लोकांना सांगू शकते. तिसरं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मी तेव्हा "हे खोटं आहे" म्हटलं असतं, तर मला वाचता येतं हे उघडं पडलं असतं. इतके महिने मी ढोंग केलं हे उघडं पडलं असतं. विहीर जाईल याच्यापेक्षा माझी लाज जाईल याची मला जास्त भीती वाटली. हे लिहितानाही माझी मान खाली आहे.

घरी येऊन कुणाला बोलले नाही. म्हटलं, कागदावर लिहिलेलं सगळं थोडंच होतं. पंचायतीने कागदावर तीन गटारं बांधली होती, त्यातलं एकही कुणी बघितलं नव्हतं.

हे मात्र झालं. दसऱ्यानंतर एका सकाळी मुरूम भरलेले दोन ट्रक आले. बायका विहिरीवरच होत्या. ट्रकवाल्याने हॉर्न मारून त्यांना बाजूला केलं. काहींचे हंडे अर्धे भरलेले होते. बायका ओरडल्या तेव्हा ट्रकबरोबर आलेल्या गणू शिपायाने ठरावाची नक्कल काढून वाडीतल्या पोरांना दाखवली. "आमच्यावर कशाला भुंकता? तुमच्याच बाईने सुचवलंय."

ट्रक खेपा घालत राहिले आणि दुपारपर्यंत विहीर कठड्यापर्यंत भरली.

संध्याकाळी बायका माझ्या अंगणात आल्या. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. पुढे काशीआत्या होती, माझ्या नवऱ्याची आत्या, वाडीत सगळ्यांत वडीलधारी. ती म्हणाली, "हे खरं हाय का गो?"

मी म्हणाले, "आत्या, मला काय ठाव त्यात काय लिवलंय? मी अंगठा देते. मला कुठं वाचता येतं?"

हे माझ्या तोंडून गेलं. माझ्याच माणसांपुढे.

आत्या माझ्या पुढ्यात आली. मग म्हणाली, "माझी लेक सुरतेस हाय. तिची पत्रं मला कोण वाचून दाखवतं? तिचं पोर गेलं, तेचं कारड तूच वाचलंस ना? वाचताना रडलीस ना तू? आणि आता तुला वाचता येत नाय?"

सगळ्या निघून गेल्या. वाडीतल्या प्रत्येक घरात माझ्या हातचं एखादं तरी पत्र होतं. सगळ्या वाडीला माहीत होतं की मी वाचते. मी निरक्षर होते ती फक्त हायवेच्या पलीकडे. पंचायतीत नेसायचं ते सोंग मी त्या दिवशी घरी घेऊन आले, आणि ज्यांनी मला अक्षर ओळखणारी म्हणून मान दिला त्यांच्याच अंगावर फेकलं. गणूने माझा अंगठा धरला तेव्हा माझा अपमान झाला होता. हा मात्र मी स्वतः केला.

दुसऱ्या दिवसापासून वाडी हायवे ओलांडून गावच्या नळावर जाऊ लागली. गावच्या बायकांचे हंडे भरून झाले की आमचे. तोवर लांब उभं राहायचं. मीही उभी राहायची. माझ्या शेजारी कुणी उभं राहत नव्हतं.

वाडीने तालुक्याला अर्ज केला. तो लिहायला मला कुणी बोलावलं नाही. एका पोराने लिहिला. चौकशीला तालुक्याहून साहेब येणार असं ठरलं, तेव्हा आदल्या दिवशी ग्रामसेवक माझ्या दारात आला. पहिल्यांदाच. म्हणाला, "बाई, घाबरू नका. तुम्हाला काही समजलं नाही, एवढंच सांगा. तुमच्यावर काही येणार नाही. आमच्यावरही येणार नाही. वाडीला एक नळ देऊन टाकू."

नवराही म्हणाला, "नशीब समज तू अंगठा दिलास. तोच सोडवील. गप ऱ्हा."

मी गप्पच होते. पण ग्रामसेवकाचं ते बोलणं डोक्यातून जाईना. तुमच्यावर नाही, आमच्यावरही नाही. म्हणजे विहीर बुजवली कुणी? माझ्या अडाणीपणाने. माझ्यात जो नव्हता, त्यांनी लिहिला आणि मी मिरवला, त्या अडाणीपणाच्या आड नऊच्या नऊ माणसं लपणार होती. आणि वाडीचा नळ त्या गटारांसारखा कागदावर राहणार होता, वाडी जन्मभर गावच्या नळापाशी लांब उभी राहणार होती.

चौकशीच्या दिवशी ऑफिस भरलं होतं. खिडकीबाहेर वाडीतल्या बायका. साहेब तरुण वयाचे, कागदांवरून नजर न काढणारे. त्यांनी ठराव वाचला. विचारलं, विहीर वापरात नाही हे कुणी सांगितलं?

नाना हसले. "साहेब, चूक झाली खरी. पण मनात काय नव्हतं. या बाय त्या वाडीच्या, म्हणून यांना विचारलं, तर यांनी मान हलवली. बिचारी अंगठेबहाद्दर हाय. तिला विहीर काय नि हौद काय. गैरसमज झाला झालं."

सदस्य हसले. एक जण म्हणाला, "राखीव म्हटल्यावर असंच होनार." साहेबांनी मान डोलवली आणि लिहायला घेतलं. "बाईंचा अंगठा घ्या खाली," ते म्हणाले. गणूने पॅड उघडला.

मी हात पाठीमागे घेतला.

"मला वाचता येतं," मी म्हणाले. आवाज चिरकला. परत म्हणाले, "मला लिहिता येतं. मला कोरा कागद द्या."

नाना म्हणाले, "काय येडंबिडं लागलं काय गो तुला?"

साहेबांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. कागद दिला. स्वतःचं पेन दिलं. मी दाराजवळची खुर्ची ओढून टेबलाला लावली आणि लिहायला बसले. शाळेतलं वळण राहिलं नव्हतं. पण अक्षर लागत होतं. मला माहीत होतं की रोह्याचं कंत्राट आजच गेलं. माझं सदस्यपदही जाईल. खिडकीतून काशीआत्या बघत होती. तिच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल काही माया नव्हती, आणि ती मी मागतही नव्हते.

लिहून झाल्यावर मी उभी राहिले आणि खिडकीबाहेरही ऐकू जाईल असं वाचून दाखवलं.

"मी सातवी पास आहे. ठराव अंगठा देण्याआधी मी पूर्ण वाचला होता. विहीर वापरात होती. त्या दिवशी सकाळी मीच तिचं पाणी भरलं होतं. ठराव मी सुचवला नाही, पण तो खोटा आहे हे कळूनही मी अंगठा दिला. मला कुणी विचारलं नाही, मी मान हलवली नाही, कारण सभा झालीच नाही. रोज हायवेवरून जाणाऱ्या सगळ्या सदस्यांना त्या विहिरीवरच्या बायका दिसत होत्या. गैरसमज कुणाचाही झालेला नाही. म्हणून मला अडाणी समजून सोडू नये. मला जाणती समजून गुन्हेगार धरावं. आणि त्या दिवशी जे जे जाणते होते, त्या सगळ्यांना माझ्या शेजारी उभं करावं."