सोन्या लाजतो

पदराचं टोक दातांत धरायचं, मान एका बाजूला कलती करायची आणि म्हणायचं, “लाजतो वो तो!” सोन्याच्या आईचं हे ठरलेलं. तुमच्याही ओळखीत अशी एखादी असेल, जिच्यापुढे हसावं की गप्प बसावं तेच कळत नाही.

बदनापुरात स्टेशनाच्या अंगाला आमची भाड्याच्या खोल्यांची ओळ होती. मी शाळेत शिकवायची, शेजारच्या खोलीत ही. हिचे मालक वायरमन, कायम कुठल्यातरी खांबावर. पहिलंच लेकरू, गोरंगोमटं, गुटगुटीत. पण वर्ष उलटलं तरी सोन्याची मान डुगडुगायची. दीड वर्षाचा झाला तरी बसेना.

आणि आमच्या ओळीतल्या बायका म्हणजे काय विचारता! येता-जाता एकच, “काय गं, बसायला लागला का?”

“कवाच! बसतो की बराबर. पण लोकाइसमोर लाजतो वो. आत्ता तुमी आल्या अन् आडवा झाला.”

मला वाटायचं, बाई चक्क थापा मारते. मी मुळातच चोंबडी. एका दुपारी साखर मागायच्या निमित्तानं न सांगता तिच्या घरात शिरले. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबमध्ये हवा भरून, मधे गोधडी कोंबून तिनं सोन्याला त्यात टेकवला होता. पुढ्यात बसून वाटीवर चमचा वाजवत होती. “बस माझ्या राजा. कुनी न्हाई बघत.” राजा हळूहळू कलला आणि एका अंगावर गेला. तिनं उचलून पुन्हा बसवला. पुन्हा तेच. मग तिला मी दिसले. मला वाटलं, आता रडणार.

“बघा! तुमी दारात आल्याचं कळलं त्याला. अन् साखर त्या डब्यातून घ्या, माझे हात गुतलेत.”

साखर पाहिजे हे मी अजून बोललेच नव्हते! घेतली मुकाट्यानं.

जालन्याच्या डॉक्टरांचं म्हणणं तिनंच मला सांगितलं, सोन्याच्या पायांना तेल चोळता चोळता. सगळं उशिरा होईल, बसेल की नाही ते आज सांगता येत नाही. “मंग मी म्हन्ले, डॉक्टरसाहेब, तुमी ‘न्हाई’ म्हन्ले का? न्हाई ना? मंग झालं तर.” एवढं म्हणून हसली आणि चोळायची थांबली. “एकदा बसला ना बाई, की जग दिसंल त्याला. आडवं पडून नुसते पत्रेच दिसून राह्यले लेकराला.”

मी तिच्या हातातली तेलाची वाटी घेतली आणि दुसरा पाय चोळायला लागले.

त्या संक्रांतीला तिनं सोन्याचं बोरन्हाण काढलं. वाटूरहून सासूबाई आल्या होत्या. त्या भिंतीपलीकडून मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, “ज्याला बसता येत न्हाई त्याचं कसलं बोरन्हान? चारचौघीत हसं करून घेशील.” आणि ही बया सगळ्या ओळीला आमंत्रण देऊन मोकळी! बायकांसमोर पोराला पाटावर बसवणार कसं? की तिथंही लाजला म्हणणार?

संध्याकाळी सगळ्या जमल्या. पाट मांडला. आणि त्यावर जाऊन ही स्वतःच मांडी घालून बसली. सोन्याला मांडीत घेतलं, त्याची पाठ आपल्या पोटाशी टेकवली, डोक्यावर हलव्याचा मुकुट बांधला.

“दोघावर टाका. एकट्याला लाज वाटती त्याला.”

कुणी हलेना. शेवटी सासूबाईच उठल्या. वाटी भरली आणि दोघांच्या डोक्यावर ओतली. बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे भराभर खाली आले, पोरं तुटून पडली. एक बोर हिच्या अंबाड्यात अडकलं. सोन्या असा खदखदून हसला, की बास. सासूबाई पदरानं डोळे पुसत होत्या. मी तर ढसाढसा रडले, खोटं कशाला सांगू.

त्यानंतर “बसायला लागला का” हा प्रश्न बंद झाला. बायका म्हणायच्या, “काय म्हणतंय लाजरं बाळ?”

पुढं त्यांची परभणीकडे बदली झाली. आम्ही साऱ्याजणी स्टेशनावर गेलो. तेव्हा मीटरगेजची छोटी गाडी होती, थांबा जेमतेम. सोन्याला घेऊन ती चढली. मी दशम्यांचा डबा द्यायला डब्याच्या दाराशी गेले, तर ही दारात उभी, दोन्ही हात मोकळे. आणि हिचे मालक अजून खाली, ट्रंक वर ढकलत होते.

“अगं, पोरगं कुठंय? पडेल ना!” मी ओरडलेच.

तिनं नुसतं खिडकीकडे बोट केलं.

सोन्या बाकावर बसला होता. एकटा. दोन्ही मुठींनी खिडकीचे गज धरून. आम्ही सगळ्याजणी खिडकीशी गर्दी करून डोळे फाडून बघत होतो, तरी बसला होता. जरासा डुलला, पुन्हा सावरला.

मी दाराकडे वळले. तिनं पदराचं टोक दातांत धरलं, मान कलती केली, पण शब्द काही फुटेना. शेवटी मीच म्हणाले, “लाजत नाही गं आता तो!”

ती नंतर कधी भेटली नाही. गाडी हलली तेव्हा ती अजून दारातच होती, आणि सोन्या खिडकीतून बाहेर बघत होता.